हेडफोन घेताय? आधी कानाला विचारा



मी कविता लिहितो. तंत्रज्ञ नाही आणि दुकानदारही नाही. शिक्षण म्हणाल तर मराठी घेऊन बी. ए. एवढंच. पण पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या कापडे गावात एक समज पक्का आहे, की जो माणूस नभोवाणीवर बोलतो, त्याला कानाला लावायच्या यंत्रातलं सगळं कळतं. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाड गाद्यांचा हेडफोन चढवून बसलेला माझा एक फोटो नातेवाइकांच्या मोबाइलवरून फिरला आणि हा समज अधिकच घट्ट झाला. ईद आली, दिवाळी आली, मुंबईच्या चाकरमान्याच्या हाती बोनस पडला, की फोन वाजतो. "चाचा, बिनतारी हेडफोन घ्यायचाय. मोठा, कान झाकणारा. कुठला घेऊ?"

कुठला घ्यावा हे मी कुणालाच सांगत नाही. मॉडेलांची नावं वर्षभरात बदलतात. प्रश्न मात्र बदलत नाहीत. कॉलेजला जाणारी पोर, कारखान्यातला कामगार, आखातातून सुट्टीवर आलेला भाचा आणि शेजारची आजी, सगळ्यांचे मिळून आठ-दहाच प्रश्न असतात. त्यांची उत्तरं जाणकारांना विचारून, वाचून आणि स्वतः वापरून मी गोळा केली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

उत्तरांचं सार आधीच सांगून टाकतो. मोठा आवाज काढणं हे कुठल्याही स्वस्त यंत्राला जमतं. कमी आवाजात शब्द न् शब्द स्पष्ट ऐकवणं हे चांगल्या हेडफोनचं काम. पैसे मोजायचे ते यासाठी. हे एक सूत्र धरलं की बाकीचे प्रश्न आपोआप सुटत जातात.

कानावर, कानाभोवती की कानात?

पहिला प्रश्न आकाराचा. बाजारात तीन प्रकार आहेत. एक कानाच्या भोकात बसणारा. दुसरा कानाच्या पाळीवर टेकणारा. तिसरा पूर्ण कान आत घेऊन त्याच्याभोवती गादीचं कडं करणारा. आपण बोलतोय ते या तिसऱ्याबद्दल. त्याचा मोठा गुण म्हणजे गादी डोक्याला नीट चिकटून बसली, की बाहेरचा बराचसा कलकलाट तिथेच अडतो. त्याला वीज लागत नाही, बटण लागत नाही. बाहेरचं कमी आलं, की आतलं मोठं करावं लागत नाही.

पण 'नीट चिकटून' हे महत्त्वाचं. चष्म्याची काडी गादीखाली आली, की तिथे फट पडते आणि त्या फटीतून खर्जाचा आवाज निसटतो. टोपी, ओढणी, हिजाब, कानावर घेतलेली मफलर, यांनीही तेच होतं. आमच्या एका नात्यातल्या खालाने डोक्यावरचा रुमाल न काढता दुकानात हेडफोन घालून पाहिला. तेच योग्य. रोज ज्या वेषात वापरणार, त्याच वेषात घालून पाहावा, आणि मिनिटभर नव्हे, चांगला पंधरा मिनिटं. दोन्ही बाजूंचा दाब, टाळूवर येणारा भार आणि गादीखाली साचणारा घाम या तीन गोष्टी पहिल्या मिनिटात कळत नाहीत. या हेडफोनचं वजन बहुधा दोनशे ते तीनशे ग्रॅमच्या दरम्यान असतं. अडीचशे ग्रॅम म्हणजे पाव किलो. पाव किलो साखर दोन तास डोक्यावर घेऊन बसायचं आहे, असं समजून निवड करावी.

तार नाही, मग आवाज येतो कुठून?

शेजारच्या आजींचा प्रश्न होता, "अरे, इंटरनेट संपलं की तो बंद पडेल का?" प्रश्न साधा वाटतो, पण कित्येक सुशिक्षितांच्याही मनात तो असतो. उत्तर : नाही. मोबाइल आणि हेडफोन यांच्यामध्ये जो दुवा असतो तो ब्लूटूथचा. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याचं टोपणनाव 'निळा दात'. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र आणल्या, म्हणून वेगवेगळी यंत्रं एकत्र जोडणाऱ्या या तंत्राला १९९० च्या दशकात त्याचं नाव दिलं गेलं. हे एक छोटं रेडिओ केंद्रच आहे. मोबाइल हे प्रक्षेपण केंद्र आणि हेडफोन हा रेडिओ संच. मोबाइलमध्ये गाणं आधी उतरवून ठेवलेलं असेल, तर डोंगराच्या कुशीत नेटवर्क नसलं तरी ते ऐकू येतं.

याचा पल्ला साधारण दहा मीटर. मध्ये जाड भिंत आली की तो घटतो. माणसाचं शरीरही या लहरी अडवतं, कारण शरीरात पाणी फार. म्हणून मोबाइल मागच्या खिशात असला की काही जणांचा आवाज मध्येच तुटतो. यंत्र बिघडलंय असं समजून दुकानात धावू नये. आधी मोबाइल पुढच्या खिशात ठेवून पाहावा.

"या लहरी डोक्याला अपाय करतात का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. हेडफोनची प्रक्षेपणशक्ती मोबाइलच्या शक्तीपेक्षा पुष्कळच कमी, काही मिलिवॅट इतकी असते. या रेडिओलहरी क्ष-किरणांच्या जातीतल्या नाहीत, त्या पेशींतले अणू फोडत नाहीत. काळजी करायचीच तर लहरींची नव्हे, आवाजाची करावी. तिकडे आपण येणारच आहोत.

तिसरा प्रश्न कीबोर्ड वाजवणाऱ्या मुलांचा. "कळ दाबतो तेव्हा सूर उशिरा येतो." खरं आहे. मोबाइल आधी आवाजाची गाठोडी बांधतो, हवेतून पाठवतो, हेडफोन ती सोडतो. यात एक-दोन दशांश सेकंद जातात. सिनेमा पाहताना बहुतेक ॲप चित्र तेवढंच मागे ठेवून हा फरक झाकतात. वाद्याचा सराव करताना तो झाकता येत नाही. त्यासाठी तारेचाच हेडफोन घ्यावा.

गाठोडी बांधण्याच्या पद्धतींची नावं खोक्यावर ठळक छापलेली असतात. एसबीसी ही सगळ्यांत असते. एएसी, एलडीएसी वगैरे पुढच्या. यांपैकी एखादी पद्धत मोबाइल आणि हेडफोन दोघांनाही येत असेल, तरच तिचा उपयोग. एकाला येते आणि दुसऱ्याला येत नाही, तर त्या नावाचे पैसे फुकट.

आता नभोवाणीच्या श्रोत्यांसाठी एक खास गोष्ट. ज्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओ आहे, त्याला अँटेना लागते आणि ती अँटेना म्हणजे हेडफोनची तार. बिनतारी हेडफोन जोडून एफएम लावलं तर मोबाइल तार मागतो, तो यामुळे. इंटरनेट असेल तर आकाशवाणी ॲपवरून ऐकता येते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दक्षिण रायगडातल्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइलचं जाळं कैक दिवस नव्हतं. अशा वेळी ॲप मुकं असतं, रेडिओ बोलत असतो. म्हणून हेडफोन बिनतारी घेतला तरी त्याला तार खोचायची जागा आहे ना, हे पाहावं. पुष्कळ मोठ्या हेडफोनना ती असते. बॅटरी उतरल्यावर तारेने चालतो का, हेही दुकानातच खोचून पाहावं. काही मॉडेल चालत नाहीत.

आवाज मारणारा आवाज

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत तीन अक्षरं असतात. कुठे 'एएनसी', कुठे 'ईएनसी'. दोन्ही ऐकायला सारखी आणि इथेच गिऱ्हाईक फसतं. एएनसी तुमच्या कानासाठी असते. बाहेरचा गोंगाट ती तुमच्यापर्यंत कमी पोचू देते. ईएनसी मायक्रोफोनसाठी असते. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा तुमच्या मागचा गोंगाट ती पलीकडच्या माणसापर्यंत कमी जाऊ देते. म्हणजे ईएनसीचे पैसे तुम्ही भरता आणि सुख दुसऱ्याला मिळतं. वाईट काहीच नाही, पण एसटीच्या इंजिनाची घरघर कमी व्हावी म्हणून ईएनसीवाला हेडफोन घेतला, तर घरघर तशीच राहील.

एएनसी चालते कशी? शांत पाण्यात दोन दगड टाका. दोन्हीकडून तरंग निघतात. एकाचा उंचवटा जिथे दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो, तिथे पाणी सपाट राहतं. आवाज म्हणजेही हवेतले तरंग. हेडफोनच्या बाहेर बसवलेला बारीक मायक्रोफोन गोंगाट ऐकतो आणि आतलं यंत्र त्याच्या नेमका उलटा तरंग तयार करून कानात सोडतं. उंचवट्यावर खळगा, खळग्यावर उंचवटा. दोघं मिळून शून्याच्या जवळ. ही कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. ती कानापर्यंत आणण्यात मोठा वाटा अमर बोस यांचा. त्यांचे वडील बंगालमधले क्रांतिकारक, ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून निसटून अमेरिकेत गेलेले. १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजामुळे नीट ऐकू येईना, तेव्हा बोस यांनी प्रवासातच या प्रश्नाची आकडेमोड मांडायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडफोन १९८९ मध्ये बाजारात आला.

या तंत्राची मर्यादा ओळखून असावं. एकसारखा चालणारा खर्जातला आवाज ते छान मारतं. विमान, बस, पंखा, दूरचा जनरेटर. अचानक येणारा आणि चढ्या पट्टीतला आवाज त्याच्या हाती तितकासा लागत नाही. बाळाचं रडणं, भांडं पडणं, शेजारच्यांचं भांडण, हे सगळं कमीअधिक ऐकू येतंच. ते अडवायचं काम गादीचं. आमच्याकडे आषाढात पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात सगळ्याच पट्ट्यांचे आवाज मिसळलेले असतात. तिथे गादी आणि यंत्र दोघांनी मिळून थोडाफार दिलासा मिळतो, पूर्ण शांतता नव्हे. काही जणांना एएनसी सुरू केली की कान दडे बसल्यासारखे वाटतात. आपल्याला तसं होतं का, हे विकत घेण्याआधी पाहावं.

चार आणि चारा

"बेस किती आहे?" हा तरुणांचा पहिला प्रश्न. छाती हलली पाहिजे, अशी अपेक्षा. पडद्याचा व्यास चाळीस मिलिमीटर की पन्नास, याचीही चर्चा होते. एवढंच लक्षात ठेवावं, की मोठा पडदा म्हणजे चांगला आवाज असं समीकरण नाही. आणि '२० ते २०,००० हर्ट्झ' हा खोक्यावरचा आकडा बहुतेक सगळ्यांवर छापलेला असतो. माणसाच्या तरुण, निरोगी कानाचा पल्ला साधारण तेवढाच. त्यावरून यंत्राची पारख होत नाही.

मग पारख कशी करायची? इथे मी कवीच्या अधिकाराने बोलतो. गाण्याऐवजी बोलणं लावून पाहा. आपल्याच मोबाइलवर घरातल्या कुणाचा तरी आवाज आधी मुद्रित करून न्या आणि त्यात काही शब्द मुद्दाम बोलायला सांगा. 'चार' आणि 'चारा'. आपल्या मराठीत च एकच लिहितो, पण उच्चार दोन. चारमधला च तालूचा, चाऱ्यामधला दाताजवळचा. तसाच 'जीव' आणि 'जाळ' यांतला ज. मग 'साल' आणि 'शाल', 'पाट' आणि 'पाठ'. हेडफोनवर ऐकताना या जोड्या लख्ख वेगळ्या कळल्या, आणि तेही निम्म्या आवाजात, तर यंत्र प्रामाणिक आहे. निम्म्या आवाजात 'साल' की 'शाल' असा संभ्रम पडत असेल, तर खर्जाची फोडणी जास्त झाली आहे आणि तिच्याखाली व्यंजनं दबली आहेत. असा हेडफोन माणसाला आवाज वाढवायला लावतो.

बातम्या, कीर्तन, कव्वाली, अभ्यासाची व्याख्यानं, गावाकडच्या आईचा फोन, हे सगळं शब्दांवर उभं आहे. छाती हलवणाऱ्या बेसचा त्याला काही उपयोग नाही.

किती वेळ, किती मोठ्याने?

आता मुख्य मुद्दा. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे, पावणेतीन वेटोळ्यांची. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाने त्या डोलतात आणि त्या डोलण्याचा निरोप मेंदूला जातो. भाताच्या रोपांवरून वारा जावा, तसं. जोराचा वारा आला की रोपं आडवी होतात, ओसरल्यावर पुन्हा उभी राहतात. पण फार जोराचा किंवा फार वेळ वारा राहिला, तर ती उठत नाहीत. शेतात दुबार लावणी करता येते. माणसाच्या कानात ती होत नाही. मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास. साधं समोरासमोरचं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. डेसिबलचा हिशेब मात्र साखरेच्या वजनासारखा नाही. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकायची मुभा निम्मी होते. ८० ला ४० तास, ८३ ला २०, ८६ ला १०. नव्वदला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात आणि शंभरला वीसेक मिनिटं. कित्येक हेडफोन पूर्ण आवाजावर शंभराच्या पुढे जाऊ शकतात. म्हणजे पोलादपूरहून महाडला जाता-येता पूर्ण आवाजात गाणी ऐकणाऱ्या मुलाचा आठवड्याचा कोटा सोमवारीच संपतो. शनिवारपर्यंतचं सगळं कर्ज.

हे कर्ज लगेच दिसत नाही, म्हणून ते वाढतं. मोठ्या आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी चढ्या पट्टीतली जाते, तीन ते सहा हजार हर्ट्झच्या आसपासची. स्वर खालच्या पट्टीत राहतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, ट अशी व्यंजनं वर असतात, ती पुसट होतात. मग माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं, पण काय बोललात ते कळलं नाही." घरचे म्हणतात, लक्ष नसतं. खरं तर लक्ष असतं, व्यंजनं नसतात. भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा तोटा कोणता? मराठीतले दोन च आणि दोन ज आपल्या वाडवडिलांनी नुसत्या कानाने जपले. लिपीत ते नाहीतच. कान गेले की ते गेले.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आमच्या मुलांनी तर जास्तच जपावं. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची कमाल मर्यादा आहे. जो कान दिवसभर यंत्रांजवळ राबतो, त्याला परतीच्या गाडीत पुन्हा राबवायचं म्हणजे दुहेरी पाळी. त्याला एएनसी सुरू ठेवून, गाणं न लावता, नुसती शांतता द्यावी. कारखान्यात कान झाकायला मात्र कामासाठीचीच प्रमाणित साधनं वापरावीत. गाण्याचा हेडफोन त्यांची जागा घेत नाही.

व्यवहारातला नियम सोपा आहे. खोलीत शांतता असताना आवाज आपल्या सोयीचा लावा आणि ती रेघ लक्षात ठेवा. बहुतेकांची ती निम्म्याच्या आसपास येते. बसमध्ये, बाजारात ती रेघ ओलांडायची नाही. ओलांडावीशी वाटली, तर दोष गादीचा किंवा जागेचा आहे. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवा. आजकालच्या मोबाइलमध्ये कमाल आवाजाला कुलूप लावायची सोय असते. मुलांच्या मोबाइलमध्ये ती लावून द्यावी. हेडफोन काढल्यावर कानात शिटी किंवा घूं असा आवाज येत राहिला, तर तो कानाचा निरोप समजावा. तो वारंवार आला तर डॉक्टर गाठावा.

"आजोबांना कमी ऐकू येतं, त्यांना मोठा हेडफोन घेऊन देऊ का?" हा प्रश्न मायेपोटी येतो. उत्तर मात्र स्पष्ट आहे. आधी श्रवणचाचणी. कानातला मळ असेल, पडद्याला भोक असेल, नस कमजोर असेल, प्रत्येकाचा उपाय वेगळा. श्रवणयंत्र त्या माणसाची जी पट्टी गेली आहे, तेवढीच उचलून देतं. हेडफोन सगळंच मोठं करतो आणि उरलेल्या केसपेशींवर ओझं टाकतो. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. केंद्र सरकारच्या योजनेत अल्प उत्पन्नाच्या पात्र व्यक्तींना श्रवणयंत्र मिळण्याची सोयही आहे. टीव्ही बघण्यापुरता हेडफोन आजोबांना द्यायला हरकत नाही, पण तो चाचणीनंतर.

पावसाळा, बॅटरी आणि बिल

आता कोकणापुरतं. या गाद्यांवरचं कातडं बहुधा खरं कातडं नसतं, कापडावर दिलेला कृत्रिम थर असतो. दमट हवेत आणि घामात तो थर पापुद्र्यांनी सुटू लागतो. मग काळे कण गालाला चिकटतात. म्हणून गाद्या सुट्ट्या निघतात का आणि नव्या मिळतात का, हे घेतानाच विचारावं. वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावं. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, खोक्यातून आलेली ओल शोषणारी पुडी टाकून ठेवावा. न्हाल्यावर ओल्या केसांवर तो चढवू नये. कोंदट ओलाव्यात कानात बुरशी धरते आणि पावसाळ्यात हा त्रास अधिक होतो. एकाचा हेडफोन चौघांनी वापरायचा असेल, तर मध्ये पुसून घ्यावा. खोक्यावर 'आयपीएक्स ४' लिहिलं असेल, तर पाण्याचे शिंतोडे चालतात एवढाच अर्थ. काहीच लिहिलं नसेल, तर शिंतोडेही चालत नाहीत.

बॅटरीच्या तासांचे आकडे मध्यम आवाजावर मोजलेले असतात आणि पुष्कळदा एएनसी बंद ठेवून. म्हणून दोन्ही आकडे विचारावेत. लिथियमची बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण भरण्यांनंतर मंदावू लागते. एका भरणीत तीस तास चालणारा हेडफोन रोज दोन तास वापरला, तर पंधरा दिवसांनी एकदा भरावा लागेल, वर्षाला चोवीस-पंचवीस वेळा. म्हणजे बॅटरीपेक्षा गादी आधी जाते. फक्त तो पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने कपाटात टाकू नये. निम्मा भरून ठेवावा.

किमतीचं म्हणाल तर दीड-दोन हजारांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत मजल जाते. दामदुप्पट पैसे दिले की दुप्पट सुख मिळतं असं नाही. पण रस्त्यावर पाचशे रुपयांत नामांकित कंपनीचा मिळाला, तर तो त्या कंपनीचा नाही हे नक्की. बिनतारी हेडफोनना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. 'आर' अक्षर आणि पुढे आठ आकडे असा तो क्रमांक असतो. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो घालून खरा-खोटा पाहता येतो. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत असायलाच हवी. बिल घ्यावं आणि त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण बिलाची शाई वर्षभरात उडते.

हमीच्या मुदतीत यंत्र बिघडलं आणि कुणी दाद देईना, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथेही सुटलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपला जिल्हा आयोग अलिबागला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. ऑनलाइन मागवलेल्या मालालाही हे लागू आहे.

कुठे घालू नये

शेवटचा प्रश्न मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारतो. हा हेडफोन कुठे घालायचा नाही?

मोटारसायकलवर नाही. आंबेनळी घाटात वळणापलीकडून येणारी गाडी डोळ्यांआधी कानांना कळते. रस्ता ओलांडताना नाही, रेल्वेच्या रुळांजवळ तर नाहीच नाही. काही हेडफोनमध्ये बाहेरचं ऐकू देणारी सोय असते. ती घरात किंवा फलाटावरची घोषणा ऐकायला बरी. वाहन चालवताना तिच्यावर विसंबू नये.

आणि मुसळधार पावसाच्या रात्री नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. पोलादपुरातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तीच वेळ आली. दरडीच्या धोक्यातल्या वस्त्यांना आपत्ती व्यवस्थापनाची माणसं ज्या खुणा सांगतात, त्यांत कानाच्या खुणा आहेत. झाडं कडाडून मोडण्याचा आवाज, दगडांवर दगड आपटण्याचा आवाज, आणि हळूहळू वाढत जाणारी खोल घरघर. आता आठवा, एएनसी कोणता आवाज सर्वांत चांगला मारते? खर्जातली घरघर. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने अतिवृष्टीचा इशारा असलेल्या रात्री कान झाकून झोपणं म्हणजे राखणदाराला सुट्टी देण्यासारखं आहे. इतर रात्री खुशाल गाणी ऐकावीत.

तेव्हा मंडळी, दुकानात जाताना आपल्या माणसाचा आवाज मुद्रित करून न्या, आपला चष्मा, आपली टोपी-ओढणी घालून जा. पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवा. निम्म्या आवाजात चार आणि चारा वेगळे ऐकू येतात का पाहा. आर क्रमांक तपासा, बिल घ्या. यंत्र बिघडलं तर दुरुस्त होईल, फार तर नवं येईल. कानाला सुटे भाग मिळत नाहीत.